भित्र्यांनी विमानातून उडी मारावी

मराठी घरात एखाद्या तरुणानं रात्री जेवताना 'मी स्कायडायव्हिंग शिकणार आहे' असं जाहीर केलं, की पुढचा संवाद आधीच लिहून ठेवता येतो. आई म्हणते, "आधी लग्न कर, मग काय उड्या मारायच्या त्या मार." आजी विचारते, "विमान बिघडलंय का? मग मधेच कशाला उतरायचं?" वडील ताट बाजूला सारून गरजतात, "जिवावर उठलायस का स्वतःच्या?" आणि काका, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं, ते कुणाच्या तरी भाच्याचं पॅराशूट कसं उघडलंच नाही ते रंगवून सांगतात. तो भाचा कोण आणि पडला कुठे, याचा तपास आजतागायत लागलेला नाही. मुलगा गप्प बसतो, विषय मिटतो आणि मग दही संपल्याचं लक्षात येतं. वडील उठून स्कूटर काढतात, मागे काकांना घेतात, पुढे पायाशी धाकट्या नातीला उभं करतात, वाजणारा फोन कान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरतात आणि वळसा नको म्हणून सिडकोतल्या रस्त्यानं उलट्या बाजूनं डेअरीकडे निघतात. हेल्मेट घरीच असतं. महागाचं आहे, उगाच त्याला काही व्हायला नको.

या घरात धाडसी कोण आणि भित्रा कोण, याबद्दल समाजाचं जे एकमत आहे, ते मला मान्य नाही. माझं म्हणणं असं, की विमानातून उडी मारणं हा मुळात भित्र्या माणसांचा खेळ आहे. ज्यांच्या अंगात खरं शौर्य आहे ती माणसं जालना रोडवर दुचाकी चालवतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरात उड्या मारायचं मैदान नाही. चिकलठाण्याला माणसं विमानासकट उतरतात, सुटी उतरत नाहीत. त्यामुळे शौर्याचा सगळा भार रस्त्यांवर पडलेला आहे. भित्रेपणावर मात्र मी अधिकारवाणीनं बोलू शकतो. ट्यूबलाइट बदलायची तर मला स्टूल धरायला दोन माणसं लागतात आणि खाली उभं राहून "सांभाळून" म्हणायला तिसरं. माझ्या भीतीतून काही निष्पन्न होत नाही, ट्यूब शेवटी वायरमनच बदलतो. स्कायडायव्हर आपल्या भीतीला कामाला लावतो, एवढाच त्याच्यात आणि माझ्यात फरक.

या खेळाचं आकर्षण वाटणाऱ्यानं आधी त्यातला एक दिवस बघावा. दहा हजार फुटांवरून उडी मारली तर मोकळं पडणं अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपतं, मग पाचेक मिनिटं छत्रीखाली तरंगणं. उरलेला दिवस बसण्यात जातो. वारा वाढला म्हणून बसायचं, ढग खाली आले म्हणून बसायचं, विमानात इंधन भरतायत म्हणून बसायचं. बसून झालं की जमिनीवर पसरलेल्या दोन-अडीचशे चौरस फूट नायलॉनची घडी घालायची. ज्या मुलानं जन्मात स्वतःच्या चादरीची घडी घातली नाही तो इथे दोऱ्या ओळीनं लावतो, कापडाची एकेक पट्टी सारखी करतो, अंगाखाली घेऊन त्यातली हवा दाबून काढतो आणि ते सगळं एका इवल्याशा पिशवीत कोंबतो. आईनं हे एकदा पाहिलं तर तिचा विरोध जागच्या जागी मावळेल. उडी झाली की वहीत नोंद: तारीख, विमान, उंची, काय चुकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही केलं, मग ती पहिली एकट्याची उडी असो की पहिली स्वतःची छत्री, की सगळ्यांना बिअर पाजायची, असा या जमातीचा दंडक आहे. दिवसाचं शेवटचं विमान उतरल्यावरच. ज्या शहराच्या एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत तिथे हा दंडक कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. 'शेवटचं विमान उतरल्यावरच' हा भाग तेवढा सांगावा लागेल.

आता त्याच्या पाठीवरचं दप्तर उघडून बघू. त्यात भीतीचे थर एकावर एक लावलेले असतात. पहिला थर मुख्य पॅराशूट. ते नीट उघडलं नाही तर, या भीतीपोटी दुसरं, राखीव. पहिलं अर्धवट उघडून दुसऱ्यात गुंतलं तर, या भीतीपोटी पहिलं एका ओढीत तोडून टाकायची सोय. बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसानं १९७०च्या दशकात एकीत एक ओवलेल्या तीन कड्यांची अशी युक्ती काढली, की माणसाचं सगळं वजन शेवटी एका बारीक फाशावर येतं आणि हाताच्या ओढीनं सुटतं. माणूस बेशुद्धच पडला किंवा देखावा बघण्यात रमला तर, या भीतीपोटी एक छोटं यंत्र. सायप्रेस नावाचं असं जर्मन यंत्र १९९१ पासून बाजारात आहे. ते सारखा हवेचा दाब मोजत असतं. साडेसातशे फुटांवर येऊनही स्वारी ताशी सव्वाशे किलोमीटरनं पडतेच आहे असं दिसलं, की ते राखीव छत्रीचा फास परस्पर कापतं. ही राखीव छत्री बांधायला परवानाधारक रिगर लागतो. तो ती लाल दोऱ्यानं आणि शिशाच्या मोहरेनं बंद करतो, आणि अमेरिकेत तर १८० दिवस झाले की न वापरलेली छत्रीसुद्धा सोडून पुन्हा बांधावी लागते. हे परदेशी चोचले आहेत असं निदान आपण तरी म्हणू नये. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसलेल्या आपल्या शहरात प्रत्येक घर याच शास्त्रावर चालतं: खाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत ड्रम आणि ड्रम गळला तर म्हणून ओट्याखाली कळशा. पाण्याच्या बाबतीत आपण जन्मजात स्कायडायव्हर आहोत. कवटीच्या बाबतीत आपली एकच टाकी, तीही उघडी.

तपासणीचंही तसंच. साहित्य अंगावर चढवण्याआधी एकदा, विमानात बसण्याआधी एकदा आणि दारातून बाहेर पडण्याआधी एकदा बघायचं: तीन कड्या, तीन पट्टे, ओढायच्या तीन मुठी. पट्टे म्हणजे छातीचा एक आणि मांड्यांचे दोन. वर दुसऱ्याकडूनही तपासून घ्यायचं, आणि त्यानं काही सांगितलं तर "मला शिकवतोस का?" असं म्हणायचं नाही. या शेवटच्या अटीवर आपल्याकडचे निम्मे उमेदवार बाद होतील.

साधनांची हौस आपल्याला नाही असं कुणी म्हणू नये. एप्रिल-मेच्या उन्हात इथल्या दुचाकीवरच्या मुली बघाव्यात. कोपरापर्यंत हातमोजे, गुडघ्यापर्यंत सनकोट, गॉगल आणि स्कार्फ डोक्याला असे वेढे देऊन बांधलेला, की सख्ख्या आईनं ओळखू नये. उन्हाच्या एका किरणाला आत शिरायची सोय नाही. डांबराला मात्र आहे. पुरुषांचं साधन हेल्मेट, आणि ते कोपरावर, आरशावर, टाकीवर, मागच्या माणसाच्या मांडीवर, असं सर्वत्र आढळतं. क्रांती चौकाच्या अलीकडे समोरून येणारा अनोळखी माणूस दिवा उघडझाप करून 'पुढे मामा उभे आहेत' अशी खबर देतो. सख्ख्या भावाशी बांधावरून अबोला धरलेली माणसंही ही खबर परक्याला फुकट देतात. लगेच कोपरावरचं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि चौक ओलांडला की परत मुक्कामी जातं. आता खरेदी. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायला देशात बंदी आहे. पोलिसांची मोहीम सुरू झाली की रस्त्याकडेला हेल्मेटं मांडली जातात आणि संवाद असा होतो: "आयएसआय आहे का?" "दादा, शिक्का बघा ना." "पण पडलो तर?" "पडायला घेताय का दंडासाठी घेताय?" साधनं कशासाठी घ्यायची असतात, याबद्दलचं आपलं सगळं तत्त्वज्ञान त्या विक्रेत्यानं एका प्रश्नात सांगितलं आहे.

यावर कुणी म्हणेल, "अहो, तो आभाळातून पडतो. आम्ही जमिनीवरच आहोत, पडून पडून पडणार किती?" याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ४० किलोमीटरनं जाणारा माणूस न हलणाऱ्या वस्तूवर आदळला, तर तो सुमारे सहा मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडल्यासारखाच असतो. वेग ६० असेल तर उंची चौदा मीटरच्या वर जाते; चार मजली इमारतीची गच्चीही कमी पडेल. म्हणजे आपणही रोज उडी मारतोच, फक्त आडवी. स्कायडायव्हर हवेत ताशी दोनशेच्या आसपास वेगानं पडतो खरा, पण छत्री उघडून, जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या खाली ओढून तो टेकतो तेव्हा त्याचा वेग पळणाऱ्या माणसाइतका उरतो. आपला वेग सिग्नलचा शेवटचा सेकंद गाठणाऱ्या माणसाइतका असतो. मौज अशी, की तेरा हजार फुटांवरून छत्रीशिवाय खाली आलं तर हेल्मेट काही कामाचं नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तो ते घालतो. विमानाच्या दारात डोकं आपटेल, हवेत दुसऱ्याचा गुडघा लागेल, उतरताना कोलांटी बसेल, असल्या किरकोळ भीतींसाठी. ज्याला त्याचा मर्यादित उपयोग तो घट्ट बांधतो आणि ज्याला सगळ्यात जास्त उपयोग तो आरशाला अडकवतो.

आकडे मागणाऱ्यांना आकडे. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. १९७०च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं जात. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेली. काका लोकांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा. इथे चाणाक्ष वाचक हात वर करणार: "उड्या मारणारे मूठभर आणि दुचाकीवर निम्मा देश. एका उडीचा धोका आणि दह्याच्या एका फेरीचा धोका शेजारी शेजारी मांडा की!" हरकत बिनतोड आहे. एका फेरीपुरतं बोलायचं तर डेअरीला जाणं उडीपेक्षा कितीतरी सुरक्षित, आणि काका बहुतेक रात्री दही घेऊन सुखरूप परत येतात. पण साडेतीन लाखांवर उड्यांमागे एक मरण, एवढ्या धोक्यासाठी तो माणूस दोन छत्र्या, एक यंत्र, तीन तपासण्या आणि एक रिगर राबवतो. किंबहुना राबवतो म्हणूनच आकडा एवढा खाली आला. आपण त्याहून लहान धोका दिवसातून चार वेळा, बाराही महिने, कागदोपत्री वयाच्या अठराव्या आणि प्रत्यक्षात चौदाव्या वर्षापासून घेतो आणि तो टाळायला काहीच करत नाही. करायचं तरी किती? २००८ सालच्या कोक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. साडी खरेदीत इतकी सूट मिळाली असती तर पैठण गेटपासून रांग लागली असती.

साडीचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या हरकती त्याच खात्यातल्या: उकडतं, केस बसतात, पोशाखावर शोभत नाही. याला उत्तर शीतल महाजन. जळगावची मुळं असलेल्या या पुण्याच्या स्कायडायव्हर, २०११ साली पद्मश्री मिळालेल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमधल्या पट्टायात नऊवारी नेसून सुमारे तेरा हजार फुटांवरून उडी मारली. नऊवारी पिना आणि चिकटपट्ट्या लावून पक्की केलेली, आणि तिच्यावर पॅराशूट, संपर्काचं यंत्र, गॉगल, बूट. आणि हेल्मेट. नऊवारीवर हेल्मेट शोभतं, हे तेरा हजार फुटांवर सिद्ध झालेलं असताना पंजाबी ड्रेसवर का शोभू नये? अर्थात याच शीतलताई माझ्या सिद्धांताला सुरुंगही लावतात. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत, २,४०० फुटांवरून. हा भित्रेपणा म्हणता येणार नाही, तेव्हा एवढा अपवाद मी मुकाट्यानं कबूल करतो. पण पुढच्या काळात त्यांनीही रीतसर शिक्षण आणि सराव करूनच दक्षिण ध्रुव आणि एव्हरेस्टचा परिसर गाठला. आणि 'आधी लग्न कर' म्हणणाऱ्या आयांनी जपून राहावं: २००८ साली त्यांनी लग्नही गरम हवेच्या फुग्यात बसून केलं.

राहिली ठेवणीतली हरकत: "हे आपल्या संस्कृतीत नाही." ही हरकत निदान या जिल्ह्यात तरी घेऊ नये. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात इंद्र आणि अप्सरा आभाळातून खाली येताना रंगवलेल्या आहेत, त्याही पॅराशूटशिवाय. वेरूळचं कैलास लेणं तर आठव्या शतकात कळसापासून पायापर्यंत, वरून खाली असंच कोरत आणलं. तिथल्या कारागिराला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: उडालेला कपचा परत चिकटवता येत नाही, म्हणून घाव घालण्याआधी बघायचं. स्कायडायव्हर विमानाच्या दारात हेच करतो. दैवाचं म्हणाल, तर 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण मला मान्य आहे. फक्त तारण्याचं सगळं काम देवावर टाकून आपण काय करायचं, हे तिच्यात सांगितलेलं नाही. नवी गाडी आली की नारळ फुटतो, झेंडूची माळ पडते आणि हँडलला लिंबू-मिरची लागते. ती लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदलली जाते. म्हणजे सुरक्षेचं साधन ठरल्या दिवशी बदलायची शिस्त आपल्यात उपजत आहे. रिगर १८० दिवस थांबतो, आपण आठवड्यात मोकळे!

एवढं कौतुक केल्यावर स्कायडायव्हरांचीही खोड सांगितली पाहिजे. बिल बूथनंच आपल्या मंडळींबद्दल कुजकट निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे: साधनं जसजशी सुरक्षित होतात तसतशी माणसं जास्त धोका पत्करतात, जणू मरणाचं प्रमाण ढळू नये ही त्यांचीच जबाबदारी. आज कितीतरी जीवघेणे अपघात पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत छत्रीखाली होतात, जमिनीजवळ ऐटीत गिरकी घेताना. म्हणून छत्री निवडताना अभिमान घरी ठेवावा लागतो. लहान छत्री वेगवान आणि रुबाबदार. पण नवशिक्यानं एका पौंडामागे निदान एक चौरस फूट कापड धरावं. ऐंशी किलोचा माणूस आणि बारा किलोचं साहित्य मिळून दोनशे पौंडांवर जातात, म्हणजे छत्रीही दोनशे चौरस फुटांहून मोठी हवी. या खेळात वजन खरं सांगावं लागतं, ही मला त्यातली सगळ्यात भयंकर अट वाटते. वेगाच्या ऐटीचा हा आजार आपल्या गावालाही नवा नाही. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ पासून दुचाक्या काढतोय, आणि त्या घेणाऱ्या पोराचा पहिला प्रश्न "पिकअप कसाय?" आणि बापाचा "अॅव्हरेज किती?" ब्रेकबद्दल विचारायला घरातलं कुणी उरत नाही.

सक्तीनं काही होत नाही, हेही खरं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हा प्रशासनानं 'लस नाही तर पेट्रोल नाही' असा आदेश काढला, तेव्हा पेट्रोलसाठी इथल्या माणसानं दंडात सुई टोचून घेतली. डोक्यासाठी टोपी घालणं त्यापेक्षा कमी दुखतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ नुसतं 'हेल्मेट घाला' म्हणून थांबत नाही, ते पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असंही सांगतं. कायदा लिहिणारा आपल्याला ओळखून होता. मांड्यांचे पट्टे काचतात म्हणून स्कायडायव्हरनं ते सैल सोडले, तर पॅराशूट सुखरूप उतरेल आणि माणूस वेगळा येईल. हनुवटीखालचा पट्टा सोडलेल्या हेल्मेटचंही तेच. इतकं पटवून दिल्यावरही एक गृहस्थ उरतातच. "सगळं खरं," ते गाल फुगवून, मान वर करून, ओठ सांभाळत म्हणतात, "पण पट्टा लावला की थुंकता येत नाही." या हरकतीवर जगातल्या कुठल्याही सुरक्षाशास्त्राकडे तोडगा नाही. विमानातून उडी मारूनही त्यांची सोय होणार नाही, कारण हवेत थुंकलेलं वर राहतं आणि वरून येणाऱ्याच्या तोंडावर बसतं, जसं जालना रोडवर मागून येणाऱ्याच्या. समोर काच असलेलं, तोंड पूर्ण झाकणारं, पट्टा लावलेलं हेल्मेट त्या मागच्या माणसानं का घालावं, याचा यापेक्षा सबळ पुरावा मला कुठल्याही अहवालात मिळालेला नाही.